नव्या यंत्राला जुना चेहरा

दिवाळी जवळ आली की घराघरांतून मोठी उलथापालथ सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, खालची अडगळ वर जाते, कपाटे भिंतीपासून सरकतात आणि कित्येक वर्षे हरवलेले कंदिलाचे काचेचे भांडे अचानक सापडते. परंतु या सगळ्या धामधुमीतही चाणाक्ष गृहिणी एका गोष्टीची अदलाबदल होऊ देत नाही. ती म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळीवरची डब्यांची ओळ. डबे घासले जातात, उन्हात वाळतात, पण परत जातात ते आपापल्या जागी. मोहरी मोहरीच्या जागी, हळद हळदीच्या जागी. वीज गेली तरी अंधारात हात नेमका मिठाच्या बरणीवर पडला पाहिजे! ही विद्या डोक्यात नसते, हातात असते, आणि ती हातात मुरायला वर्षे लागतात.

समजा, एखाद्या रात्री घरातल्या कुणा उत्साही माणसाने हे सारे डबे बदलून नवे, एकसारखे, सुंदर डबे आणले आणि भलत्याच क्रमाने लावून ठेवले. सकाळी त्या माउलीची जी तारांबळ उडेल, तीवरून ती अडाणी आहे असे कोणी म्हणणार नाही. मौज अशी की हाच प्रकार संगणकाच्या पडद्यावर घडला म्हणजे मात्र आपण बेधडक म्हणून मोकळे होतो, “आजोबांना आता जमत नाही.”

या लेखाचा विषय तोच आहे. संगणक नवा असावा, पण त्याचा चेहरा आपल्या ओळखीचा, जुना असावा, ही इच्छा अनेकांच्या मनात असते. ती बोलून दाखवायला लोक संकोचतात. तो मागासलेपणा आहे, असे त्यांना उगाचच वाटते.

पडद्यावरचे मेज

संगणकाच्या पडद्याला ‘डेस्कटॉप’ म्हणतात, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग. ही कल्पना अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत जन्मली. १९७३ साली तिथे ‘आल्टो’ नावाचे यंत्र तयार झाले. आज्ञा टंकण्याऐवजी चित्रांकडे बोट दाखवून काम करता यावे, हा त्यामागचा विचार. १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशने ही कल्पना सामान्य ग्राहकांपर्यंत नेली आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या ‘विंडोज ९५’ने ती जगभरच्या कचेऱ्यांत बसवली. डाव्या कोपऱ्यात खाली ‘स्टार्ट’ची कळ, तळाशी पट्टी, वर डावीकडे ‘माय कॉम्प्युटर’ आणि एक कचऱ्याची टोपली. ही मांडणी ज्याने एकदा पाहिली, त्याच्या डोळ्यांपुढे ती आजही उभी राहील.

आपल्या महाराष्ट्रात ती घरोघर पोचली ती काही वर्षांनी. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्याला सुरू झाला. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारकून अशी चाळिशी-पन्नाशी उलटलेली मंडळी आपल्या मुलांच्या वयाच्या शिक्षकांपुढे बाकावर बसली. हातातला माऊस टेबलाच्या कडेपर्यंत गेला की पुढे काय करायचे, असे त्यांनी निरागसपणे विचारले आणि शेवटी ती पास झाली. त्या पिढीचे संगणकाशी नाते जुळले ते या एका चेहऱ्याच्या साक्षीने.

पुढे हा चेहरा बदलत गेला. २००१ साली आलेल्या ‘एक्सपी’ने निळाहिरवा साज चढवला, परंतु ज्याला जुनी करडी मांडणी हवी त्याच्यासाठी ‘क्लासिक’ नावाचा वेशही ठेवला. ‘विंडोज ७’पर्यंत ही सोय होती. २०१२ साली ‘विंडोज ८’ आली आणि स्टार्टची कळच नाहीशी झाली. बोटाने स्पर्श करायच्या पाटीवजा संगणकांचे दिवस आले होते, तेव्हा मेजावरचा संगणकही तसाच दिसावा असे कंपनीने ठरवले. लोकांनी एवढा ओरडा केला की वर्षभरात ती कळ परत आली आणि २०१५ सालच्या ‘विंडोज १०’मध्ये तिच्यामागची यादीही परतली. २०२१ साली ‘विंडोज ११’ आली, तेव्हा तीच कळ कोपरा सोडून पट्टीच्या मध्याकडे सरकली.

केवळ एकाच कंपनीची ही गोष्ट नाही. लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालणारे ‘ग्नोम’ नावाचे मेज आहे. २०११ साली त्याच्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी मांडणी मोडीत काढली. तेव्हा अर्जेंटिनातल्या एका कार्यकर्त्याने जुन्या आवृत्तीचीच प्रत घेतली आणि ती स्वतंत्रपणे पुढे चालवली. आपल्या देशातल्या ‘माते’ या चहासारख्या पेयाचे नाव त्याने तिला दिले. ते मेज आजही जिवंत आहे. जगाच्या दुसऱ्या टोकालाही माणसांना आपली फळी आपल्याच क्रमाने हवी असते, हे पाहून मला मोठा दिलासा वाटला.

वालूरचा एक बंद संगणक

या प्रश्नाकडे मी लक्ष देऊ लागले ते माझ्या मामांमुळे. माझे मामा परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरला राहतात. जन्मभर शाळामास्तरकी केली. आता सत्तरी ओलांडली आहे. निवृत्तीनंतर त्यांनी एक छंद लावून घेतला. शेतीभातीतले, विहिरी-मोटांवरचे, लोहार-सुतारांच्या कामातले जे शब्द आता कानांवर पडेनासे झाले आहेत, ते गोळा करायचे आणि अर्थासह संगणकावर लिहून ठेवायचे. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे या संग्रहाची किंमत मला कळते. मोटेचे उदाहरण घ्या. जाड दोर तो नाडा, बारीक दोर तो सोंदूर, बैल ज्या उतारावरून चालतात ती धाव आणि मोटेचे पाणी जिथे पडते ते थारोळे. मोट गेली, तिच्यामागोमाग हे शब्दही निघाले आहेत. ते ज्यांच्या तोंडी होते, त्यांतली कितीतरी माणसे तर आधीच गेली.

मामांचा जुना संगणक थकला होता. त्यातच त्यावरच्या ‘विंडोज १०’ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने मोठ्या प्रेमाने आजोबांना नवे यंत्र आणून दिले, सगळे जोडून दिले आणि सुटी संपली तसा तो परत गेला.

मी मे महिन्यात सेलूच्या स्थानकावर उतरून वालूरला गेले. पाहते तो नव्या यंत्रावर मामींनी विणलेले क्रोशाचे झाकण, आणि झाकणावर पंचांग!

“दोन महिने झाले, बसलेच नाहीत त्याच्यापुढं,” मामी हळूच म्हणाल्या.

मामांना विचारले तर ते आधी काही बोलेनात. मग म्हणाले, “अगं, यंत्र चांगलं आहे. पोरानं हौसेनं आणलं, त्याला नावं कशी ठेवू? पण सुरू केलं की दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं होतं बघ. माझी कागदपत्रं कुठं ठेवलीत ते कळंना. बटणं दाबावीत तर अक्षरं भलतीच उमटतात. आणि मधूनच कुठल्या तरी नटीची बातमी वर येते! म्हटलं, झालं आपलं. आता वय झालं.”

‘वय झालं’ हे शब्द माझ्या मनाला लागले. थारोळ्यापासून धावेपर्यंतचा एकेक शब्द ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना एका कळेची जागा बदलल्यामुळे स्वतःच्या बुद्धीविषयी शंका यावी, हे मला पटेना.

एका दुपारचे काम

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे यंत्रापुढे बसलो. जे केले ते इतके साधे आहे की ते सांगताना संकोच वाटतो. तरी वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगते.

पट्टीवर माऊसची उजवी कळ दाबली की तिची मांडणी बदलायचा मार्ग उघडतो. तिथे ‘डावीकडे’ असा पर्याय निवडला आणि स्टार्टची कळ आपल्या जुन्या कोपऱ्यात आली. बातम्या आणि हवामान दाखवणारा भाग तिथेच बंद केला, नटी गेली. पडद्यावर दररोज बदलणारे देखावे काढून साधा निळा रंग ठेवला. मेजावरच्या चित्रांच्या मांडणीत जाऊन जुन्या ‘माय कॉम्प्युटर’चे नव्या नावाचे चित्र वर डावीकडे बसवले आणि त्याच्याखाली मामांच्या शब्दसंग्रहाचे. अक्षरे मोठी केली. उजवी कळ दाबल्यावर येणारी यादी नव्या आवृत्तीत आखूड झाली आहे. शिफ्टची कळ दाबून ठेवून माऊसची उजवी कळ दाबली की पूर्वीची लांब यादी येते, हे एका कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले.

स्टार्टच्या मागची यादी मात्र अशी सहजी बदलत नाही. त्यासाठी ‘क्लासिक शेल’ नावाचे एक प्रसिद्ध साधन होते. त्याच्या कर्त्याने २०१७ साली त्यावरचे काम थांबवले, परंतु थांबवताना त्याचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला केला. इतरांनी तो उचलून ‘ओपन-शेल’ या नावाने पुढे चालवला. ते साधन फुकट मिळते. ते बसवताच मामांची ओळखीची, एकाखाली एक नावे असलेली यादी हजर झाली. मात्र अशी साधने घ्यायची ती त्यांच्या मूळ जागेवरूनच. भलत्या ठिकाणाहून घेतल्यास जुन्या चेहऱ्याबरोबर चोरही घरात येतो.

बोटांची मराठी

आता राहिली मराठी अक्षरे, आणि खरी अडचण तिथेच होती.

मामा तरुणपणी परभणीत टंकलेखन शिकले ते यंत्रावर, रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर. त्या यंत्रावर अक्षर जसे डोळ्यांना दिसते तसे उमटवायचे असते. ‘कि’ लिहायचा तर आधी वेलांटी, मग ‘क’. संगणकाच्या नव्या युनिकोड पद्धतीत क्रम उच्चाराचा असतो. आधी ‘क’, मग वेलांटी. भारत सरकारच्या पुढाकाराने १९८६ साली ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक तयार झाला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. रचना मोठी शास्त्रशुद्ध आहे, आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांनी तोच शिकावा असे मी वर्गात नेहमी सांगते. पण ज्या बोटांनी पन्नास वर्षे आधी वेलांटी मारली, त्यांनी आता सत्तरीत क्रम उलटा का करावा?

त्यांनी तो उलटा करण्याची गरजही नाही. जुन्या टंकयंत्राच्या कळफलकाप्रमाणे बोटे चालवावीत आणि कागदावर मात्र युनिकोड मराठी उमटावी, अशी साधने उपलब्ध आहेत. ती बसवली. मामांनी भीतभीत दोन शब्द टंकले, मग पूर्ण ओळ टंकली. मग मान वर न करता अर्धे पान! माझ्याशी बोलायचेही ते विसरले.

थोडा विचार केला तर सबंध संगणकच जुन्या चेहऱ्यांनी भरलेला दिसेल. ज्या इंग्रजी कळफलकावर आज सारे जग टंकते, तो १८७० च्या दशकातल्या टंकयंत्राचा वारसा आहे. कागदपत्र जतन करायच्या खुणेत अजून फ्लॉपीची तबकडी दिसते. ती फ्लॉपी आजच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलीही नाही. पत्राला लिफाफा आणि फोनला जुन्या पद्धतीचा रिसीव्हर, हेही तसेच. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र आणले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबवले. परंतु यंत्र गेले तरी त्याचा कळफलक हजारोंच्या बोटांत राहिला. नवे ते जुन्याचा हात धरूनच घरात येते. मग आपणही थोडे जुने मागून घेतले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

काय जुने ठेवू नये

याचा अर्थ सगळेच जुने ठेवावे असा मात्र नव्हे. पुष्कळ मंडळी “आमचे जुनेच बरे” म्हणत जुनी प्रणालीच वापरत राहतात. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१४ साली थांबल्या आणि ‘विंडोज ७’च्या २०२० साली. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कुलूप मोडलेल्या दारामागे दागिने ठेवणे होय. जुना चेहरा वेगळा आणि जुनी भिंत वेगळी. चेहरा आवडीचा असावा. भिंत भक्कमच हवी. ज्यांचे यंत्र नव्या विंडोजला चालत नाही, त्यांना लिनक्स मिंटसारख्या फुकट प्रणालीचा मार्ग आहे. तिच्यात ‘माते’ किंवा ‘सिनॅमन’ ही मेजे मिळतात. त्यांची यादी, पट्टी आणि कोपऱ्यातली कळ जुन्या सवयीच्या माणसाला परकी वाटत नाही.

दुसरी बाब मराठीची. मामांच्या संग्रहाचा पहिला भाग युनिकोडपूर्वीच्या एका टंकात होता. त्या काळच्या टंकांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. टंक नसला की सारे मराठी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन दिसते. नव्या यंत्रावर मामांना त्यांचे स्वतःचे लेखन असे दिसले होते. त्यांना वाटले, सगळे गेले! ते गेले नव्हते. रूपांतर करणाऱ्या साधनातून काढताच पाने पुन्हा वाचता येऊ लागली. काही जोडाक्षरे मोडली होती, रफार भलत्या अक्षरावर बसले होते. ते मामांनी आणि मी दोन दिवस बसून हाताने सुधारले. ज्यांच्या घरी अशी जुनी लेखने असतील त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये. तो टंक उघडणारे यंत्र एक दिवस कायमचे बंद पडेल, आणि मग त्यातले शब्द कुणाच्याच हाती लागणार नाहीत.

त्या दोन दिवसांत एका संध्याकाळी मामांनी मला गावची बारव दाखवली. वालूरला जुन्या बारवा आहेत. त्यांपैकी एकीच्या पायऱ्या मळसूत्रासारख्या गोल फिरत खाली उतरतात. पुष्कळ काळ ती केरकचऱ्यात आणि गाळात बुजलेली होती. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. त्यांनी गाळ काढला, झुडपे काढली. पायऱ्या मात्र होत्या तशा ठेवल्या. मामा कठड्याशी उभे राहून म्हणाले, “दर पावसाळ्यात पाणी नवं येतं. पायऱ्या कशाला बदलायच्या?” संगणकाविषयी मी जे चार पानांत सांगते आहे, ते मामांनी असे एका वाक्यात सांगितले.

नातवाचे म्हणणे

नातवाला मी फोनवरून सगळे कळवले. तो हसून म्हणाला, “आत्या, नव्याची सवय आठ दिवसांत होते. तुम्ही आजोबांना मागं नेलंत.”

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. माणसाने शिकत राहावे, हे खरेच. पण शिकायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ कुठे खर्च करायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. मामा या वयात युनिकोड म्हणजे काय ते शिकले, नक्कल दोन ठिकाणी ठेवायला शिकले. ते शिकणे त्यांच्या कामाचे होते. कळ डावीकडून मध्याकडे गेली, हे शिकून त्यांच्या संग्रहात एका शब्दाचीही भर पडणार नव्हती. आणि तरुणांची गोष्ट काय वेगळी आहे? मोबाईलवरच्या नेहमीच्या ॲपचा चेहरा एका रात्रीत बदलला की माझ्या वर्गातली मुले दिवसभर कुरकुरत असतात. फरक एवढाच की त्यांना कोणी “तुमचं वय झालं” असे म्हणत नाही.

या दिवाळीत पुष्कळ घरांत नवे यंत्र येईल. वडीलधाऱ्यांसाठी ते आणणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे की यंत्र जोडून झाल्यावर लगेच उठू नका. फराळाची बशी शेजारी घ्या आणि विचारा, “तुमच्या जुन्या यंत्रावर काय कुठे होते?” ते सांगतील तसे लावून द्या. तासाभराचे काम आहे. त्या एका तासाअभावी कुणाचा हिशेब, कुणाचे आत्मचरित्र, कुणाचा शब्दसंग्रह क्रोशाच्या झाकणाखाली बंद पडून राहतो.

भाद्रपदात मामांचा फोन आला. यंत्राविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. थारोळ्याला तुमच्या विद्यार्थ्यांच्या गावांकडे आणखी काय म्हणतात, एवढे त्यांना विचारायचे होते, आणि उत्तर त्याच दिवशी हवे होते, कारण ‘थ’चे पान त्यांनी उघडून ठेवले होते.